सोन्याच्या क्रोनोग्राफचा पुरावा

साध्या लंबकाच्या प्रयोगासाठी शाळेत वापरले जाणारे चावीचे स्टॉपवॉच आपल्या परिचयाचे आहे. हेच यंत्र नेहमीच्या घड्याळाच्या पोटात बसवले, म्हणजे वेळही दाखवायची आणि हवे तेव्हा कालावधीही मोजायचा, की त्याला क्रोनोग्राफ म्हणतात. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात स्वित्झर्लंडमध्ये तयार झालेले सोन्याचे मनगटी क्रोनोग्राफ आज संग्राहक प्रचंड किंमत देऊन घेतात. हा श्रीमंतांचा षोक खराच. पण विज्ञानाच्या इतिहासाला या षोकाने एक मोठी दुरुस्ती पुरवली आहे.

ग्रीक भाषेत ‘क्रोनोस’ म्हणजे काळ आणि ‘ग्राफ’ म्हणजे लिहिणारा. मनगटावरचे घड्याळ काही लिहीत नाही, मग हे नाव का? निकोला रिओसेक या फ्रेंच घड्याळजीने 1821 साली पॅरिसमध्ये घोड्यांच्या शर्यतींसाठी केलेले यंत्र खरोखरच लिहीत असे. घोडा अंतिम रेषा ओलांडताच कळ दाबायची, की फिरत्या तबकडीवर शाईचा ठिपका पडे. पुढे शाई गेली, नाव मात्र राहिले. क्रोनोग्राफचा जनक रिओसेक, असेच अनेक वर्षे ग्रंथांतून लिहिले जात होते.

मग 2012 साली जिनिव्हातील एका लिलावात एक जुने खिशातले यंत्र विक्रीला आले. ते लुई मोइने याने 1816 साली ग्रहताऱ्यांच्या वेधांसाठी पूर्ण केलेले कालमापक असल्याचे 2013 मध्ये जाहीर झाले. काळ ठरवायला उपयोगी पडले ते त्याच्या झाकणावरचे छाप! (ते विकत घेणारी कंपनी मोइनेच्याच नावाची आहे, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे, पण छाप काही कंपनीने मारलेले नाहीत.) त्याचे चक्र तासाला 2,16,000 स्पंदने करते, म्हणजे सेकंदाला 60. नेहमीच्या जुन्या क्रोनोग्राफची स्पंदने तासाला 18,000, म्हणजे सेकंदाला 5. त्यामुळे त्यांची अचूकता 1/5 सेकंदापलीकडे जात नाही. मोइनेचे यंत्र 1/60 सेकंद दाखवत होते. मिनिटाचा साठावा भाग सेकंद आणि सेकंदाचा साठावा भाग ‘तृतीय’, अशी ही विभागणी. आपल्याकडे घटीचे 60 पळे आणि पळाची 60 विपळे करत, त्याच जातीची. विपळ म्हणजे 0.4 सेकंद, मोइने त्याच्याही बराच खाली उतरला होता.

क्रोनोग्राफमधला सर्वांत सुंदर भाग मात्र बाहेरून दिसत नाही. काटा कुठेही थांबलेला असो, एका दाबात तो शून्यावर परत कसा येतो? एडॉल्फ निकोल याने 1844 साली पेटंट घेतलेल्या युक्तीत काट्याच्या आसावर हृदयाच्या आकाराची एक चकती बसवलेली असते. कळ दाबली की एक हातोडी तिच्या कडेवर जोराने टेकते. चकतीची कड कुठूनही पाहिली तरी हृदयाच्या खाचेकडे उतरत जाते. त्यामुळे हातोडीच्या दाबाखाली चकती फिरते, खाच हातोडीसमोर आली की थांबते आणि काटा शून्यावर येतो. एखादे बिघडलेले चावीचे स्टॉपवॉच हाताशी असेल तर उघडून विद्यार्थ्यांना ही चकती जरूर दाखवावी. जाड पुठ्ठ्याची प्रतिकृतीही चालेल.

तबकडीच्या कडेला छापलेली मापनपट्टी पाहिली की घड्याळ कोणासाठी घडले ते कळते. डॉक्टरांच्या घड्याळावर नाडीची पट्टी असे. 30 ठोके मोजून कळ दाबायची. 25 सेकंद लागले असतील तर काट्यासमोर 72 हा आकडा येतो. मोटारवाल्यांच्या पट्टीवर एक किलोमीटर 45 सेकंदांत कापल्यास ताशी 80 हा वेग दिसतो. तोफखान्याची पट्टी ध्वनीच्या वेगावर बेतलेली असे: ज्वाळा दिसताच सुरू, आवाज येताच बंद, की तोफेचे अंतर समोर. तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर, हा हिशेब विजेच्या गडगडाटालाही लागू पडतो.

हे सारे वाचता येते, पण घड्याळ मूळ रूपात असेल तरच. आणि सोन्याची अडचण नेमकी इथेच आहे. घड्याळाच्या कवचाचे सोने बहुधा 18 कॅरटचे, म्हणजे हजारात 750 भाग शुद्ध असते. बाकी तांबे, चांदी. ते गंजत नाही, पण पोलादापेक्षा मऊ असते. चकाकी आणण्यासाठी दर वेळी घासताना थोडा धातू जातो, कोपरे गोल होतात आणि छाप पुसट होत जातात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून 1995 पर्यंत स्विस 18 कॅरट सोन्यावर हेल्वेशिया या स्त्रीप्रतिमेच्या मस्तकाचा बारीक छाप मारत. तो गेला की एक साक्षीदार गेला. तबकडी नव्याने रंगवली तर मापनपट्टीही संशयास्पद ठरते. जुनी शिवराई चिंचेने घासून लख्ख करणारा जे नुकसान करतो, तेच हे. म्हणून जाणकार संग्राहक ओरखडे असलेले, डागाळलेले पण न छेडलेले घड्याळ अधिक पसंत करतात. यंत्रावरचा आणि कवचावरचा क्रमांक ते कारखान्याच्या जुन्या वह्यांतील नोंदींशी ताडून पाहतात.

या मंडळींना सोन्याचे फार अप्रूप असते असेही नाही. पाटेक फिलिप कंपनीने 1941 पासून ‘1518’ या क्रमांकाचा, दिनदर्शिका असलेला क्रोनोग्राफ काढला. एकूण सुमारे 281 घड्याळे झाली, आणि जवळपास सगळी सोन्याची. पोलादाची फक्त चार ज्ञात आहेत. त्यांतले एक 2016 साली जिनिव्हात एक कोटी दहा लाख स्विस फ्रँकना विकले गेले, सोन्याच्या भावंडांच्या कितीतरी पट किमतीला. आतले यंत्र दोघांचेही सारखेच आहे, हृदयाकृती चकतीसकट.