कुंपणातील शाळा

सात रस्त्यावरून आज मुले मोकळेपणाने शाळेत जातात. याच सोलापुरात ब्रिटिश अमदानीत जन्मानेच ‘गुन्हेगार’ ठरविलेल्या जमातींची तारेच्या कुंपणातील सेटलमेंट होती. १९११ च्या कायद्याने सरकारला सहा ते अठरा वर्षांची मुले आईबापांपासून तोडून औद्योगिक शाळेत ठेवण्याचा अधिकार दिला. अशा मुलाला अभ्यासाची गोडी कशी लागावी? त्याच्या लेखी शाळाही कुंपणच! वस्तुतः १८७७ मध्येच इटलीतील संत जॉन बॉस्को यांनी विवेक, धर्म व प्रेम हा शिस्तीचा पाया सांगितला होता. जमातींना जन्मानेच ‘गुन्हेगार’ ठरविणारा कायदा देशात ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. वर्गातील ‘वाया गेलेल्या’ मुलावर शिक्का मारताना आपण पालकांनी व शिक्षकांनी हा इतिहास स्मरावा.