घाण्याच्या घरातली वही



उत्तम कारागिराच्या घरी त्याच्या हातची उत्तम वस्तू सहसा सापडत नाही. येवल्याच्या मागावर पैठणी विणणारे हात वेगळे आणि ती नेसून मिरवणारी घराणी वेगळी. कुंभाराच्या आव्यातले खणखणीत मडके गावात जाते, आणि कलते, चीर गेलेले तेवढे त्याच्या घरी दाणे ठेवायला उरते. सोनाराच्या हातून आयुष्यभर सोने जाते, पण ते दुसऱ्याचे. आपल्या संप्रदायाचेच पाहा. नामदेवरायांचे घराणे शिंप्याचे, शिवले ते लोकांसाठी. नरहरी सोनारांच्या चरित्रातला प्रसंग आपण कीर्तनात कितीदा ऐकला असेल! तो कडदोरासुद्धा सावकाराने विठुरायासाठी सांगितलेला. बलुत्यावर जगणाऱ्या माणसाची वस्तू घडली की दाराबाहेर पडायची, तेव्हा घरात चूल पेटायची.

मग कारागीर लेकरांना मागे काय ठेवतो? हत्यारे ठेवतो आणि हाताचे वळण ठेवतो. खंडेनवमीला त्या हत्यारांची पूजा होते. पण स्वतःच्या हाताने घडवलेली, विकायची नाही असे ठरवून केलेली आणि पिढ्यान्‌पिढ्या जपलेली वस्तू म्हणाल, तर ती विरळाच. आयाबायांनी जुन्या लुगड्यांची शिवलेली वाकळ ही त्यातली एक. दुसरी आपल्या वारकऱ्यांच्या घरची. ती म्हणजे हाताने लिहिलेली वही. या दुसरीविषयी आज बोलायचे आहे, आणि त्यासाठी तुम्हाला चाकणला एका तेल्याच्या घरी घेऊन जायचे आहे.

संताजी महाराज जगनाडे हे तुकोबारायांच्या चौदा टाळकऱ्यांपैकी एक. गाव चाकण, समाधी सुदुंबऱ्याला, धंदा तेलाच्या घाण्याचा. बैलाच्या डोळ्यांना झापडे बांधून घाणा फिरवायचा, तीळ-करडई गाळायची, तेल एकीकडे आणि पेंड एकीकडे करायची, हा त्यांचा दिवस. असा माणूस तुकोबांच्या कीर्तनात उभा राहिला, आणि जे कानी पडले ते लिहून ठेवू लागला. कडूसचे गंगाराम मवाळ हेही असेच लिहिणारे.

आता कोणी शंका घेईल की तेल्याच्या घरी अक्षर कोठून आले? समाधान सोपे आहे. जिथे उधारी आहे तिथे हिशेब आहे, आणि हिशेब आहे तिथे वही आहे. हा 'वही' शब्दच नीट पाहा. शास्त्र्याच्या घरी असते ती पोथी, सुट्या आडव्या पानांची, दोन फळ्यांत बांधलेली. दुकानदाराच्या घरी असते ती वही, शिवलेली. तुकोबारायांच्या घरी देहूच्या पेठेची महाजनकी होती, घर वाण्याचे. म्हणून तर आपण तुकोबांच्या 'वह्या' बुडवल्या असे म्हणतो, पोथ्या बुडवल्या असे कोणी म्हणत नाही. त्याच घरातली कर्जखते तुकोबांनी आपल्या हाताने इंद्रायणीत सोडली, कान्होबांचा अर्धा वाटा तेवढा त्यांना दिला, असे चरित्रकार सांगतात. म्हणजे इंद्रायणीने त्या घरचे कागद दोनदा पोटात घेतले. देण्याघेण्याचे कागद तिने ठेवून घेतले आणि अभंगांचे परत दिले. १७७४ साली 'भक्तलीलामृत' पुरे करणाऱ्या महिपतीबुवांनी ही कथा घराघरांत पोचवली.

वही करणे हे त्या काळी अंगमेहनतीचे काम होते. आजच्या मुलांना ते सांगितले तरी खरे वाटत नाही. हातकागद जुन्नरला बनत असे, दौलताबादेजवळच्या कागजीपुऱ्यातही बनत असे. त्याला खळ लावून दगडाने घोटायचे, तेव्हा बोरू अडखळत नाही. शाई घरची. तेलाच्या दिव्यावर भांडे पालथे धरून काजळ जमवायचे, बाभळीच्या डिंकात ते तासन्‌तास खलायचे. चुकलेल्या अक्षरावर पिवळा हरताळ लावायचा आणि वर पुन्हा लिहायचे. 'केल्या कामावर हरताळ फासला' असे आपण म्हणतो, तो हाच लेखकाच्या बैठकीतला हरताळ. आणि लिहून झाले की वही लाल कापडात बांधायची, ते बासन. 'प्रकरण बासनात गुंडाळले' हेही तिथलेच. भाषेने दोन्ही शब्द वाईट अर्थाने ठेवले, याचा मला कधीकधी रागच येतो.

जुन्या पोथ्यांच्या शेवटी लेखक हात जोडून एक विनवणी लिहीत असे. तिचा भाव असा की, मला तेलापासून राख, पाण्यापासून राख, सैल बांधणीपासून राख आणि अडाण्याच्या हाती देऊ नकोस. पहिले भय तेलाचे! आणि तुकोबांचे शब्द सांभाळायची वेळ आली तेव्हा ते काम पडले तेल्याच्याच घराकडे. काजळाची शाई उन्हाने उडत नाही, पण डिंक पाण्याने सुटतो आणि अक्षर फुटते. तेल लागले तर कागद पारदर्शक होऊन मागचे अक्षर पुढे दिसू लागते. घाण्याच्या घरात दाराच्या कडीपासून चुलीच्या जोत्यापर्यंत सगळीकडे तेलाचा हात. त्या घरात वहीला तेलाचा डाग लागू न देणे म्हणजे रोज हात धुऊन, पुसून, मगच बासन सोडणे. ज्यांनी हे केले त्यांची नावे कोणत्याही ग्रंथात नाहीत.

काळही काही शांत नव्हता. १६५० मध्ये तुकोबारायांचे वैकुंठगमन झाले. १६६० मध्ये शाहिस्तेखान चाकणवर चालून आला. फिरंगोजी नरसाळ्यांनी किल्ला जवळजवळ दोन महिने लढवला आणि शेवटी तो पडला. ज्या गावावरून अशा फौजा जातात तिथल्या माणसांनी घर सोडताना काय उचलले असेल, याचा विचार वाचकहो, आपण स्वतःच करावा. भांडीकुंडी, धान्य, लेकरे, आणि त्यात एक बासन.

पुढे छापखाना आला. मुंबई सरकारने २४,००० रुपये दिले आणि विष्णुशास्त्री पंडितांनी तुकोबांचा गाथा १८६९ आणि १८७३ अशा दोन भागांत इंदुप्रकाश छापखान्यातून काढला. त्यासाठी हस्तलिखिते शोधली, ती मिळाली देहू, तळेगाव, कडूस आणि पंढरपूर इथली. देहूची वही तर खुद्द तुकोबारायांच्या हातची, असे त्यांचे वंशज सांगत आले. म्हणजे वाण्याच्या हातची वस्तू वाण्याच्याच घराण्यात राहिली होती. आणखी पन्नास वर्षांनी, १९१९-२० मध्ये, ठाण्याचे विनायक लक्ष्मण भावे यांनी जगनाड्यांच्या घराण्यातल्या वहीवरून 'तुकारामबुवांचा अस्सल गाथा' छापला. भावे हे 'महाराष्ट्र सारस्वत' लिहिणारे, ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयाचे संस्थापक, आणि धंद्याने मिठागरवाले. तेल्याने लिहिलेली वही मीठवाल्याने वाचली, हे मला फार गोड वाटते. त्या वहीतली बोली पंडिती वळणाची नाही. कानाने ऐकलेले हाताने उतरवले, असे तिचे रूप आहे. कोणता पाठ अधिक जुना, कोणता अधिक शुद्ध, यावर विद्वानांचे वाद झाले आणि होत राहतील. मी त्यात पडत नाही. मी एवढेच पाहतो की वाद घालायला वही हाताशी होती. अडीचशे वर्षांहून अधिक काळ ती एका कष्टकरी घरात राहिली, आणि विचारणारा आला तेव्हा घराने बासन सोडून दाखवले. माझ्या मते जपण्याइतकेच हे दाखवणे मोठे आहे. कित्येक घरांनी जपले, पूजले, आणि कोणाला हात लावू दिला नाही. बासन उघडले तेव्हा आत वाळवीचा चुरा निघाला.

पण आजचे संकट वेगळे आहे, ते बोलायलाच हवे. वाळवीला निदान वर्षे लागतात. आपण एका सकाळी काम उरकतो. वडील गेले की माळ्यावरची जुनी ट्रंक निघते. 'पोथ्या आहेत, रद्दीत कशा द्यायच्या, नदीत सोडू' असे ठरते. भाव वाईट नसतो, भक्तीच असते त्यात. पण इंद्रायणीने एकदा वह्या परत दिल्या म्हणून ती दर वेळी देईल, असे नाही.

काही वर्षांमागे भीमाकाठच्या एका गावी सप्ताहात माझे कीर्तन होते. मुक्कामाच्या घरी वडिलांचे दिवस नुकतेच झालेले. ओसरीवर गाठोडे बांधून ठेवले होते, सकाळी नदीवर न्यायचे म्हणून. मी म्हटले, "दादा, सोडू का मी?" ते म्हणाले, "बघा की महाराज, काही नाही त्यात, जुनाट आहे." छापील हरिपाठ, पंचांगे, आणि तळाशी एक लांबोडके बाड निघाले. घर सुताराचे. बाडाच्या एका बाजूने बैलगाडीच्या कण्याची, आऱ्यांची मापे आणि कोणाकडे किती पायली येणे याचा हिशेब. उलटे धरले की दुसऱ्या बाजूने एकादशीचे, काकड्याचे अभंग, क्रमाने. खाली नाव नाही. अक्षर कोणाचे ते कोणालाच सांगता येईना. तेवढ्यात घरातला धाकटा मुलगा बाड घेऊन दाराशी गेला आणि ओरडला. चौकटीच्या वरच्या पट्टीवर पणजोबांनी शके आणि 'श्री विठ्ठल' कोरले होते. 'ठ्ठ'ची तीच गाठ, तेच वळण, लाकडावर आणि कागदावर. म्हातारीने ते बाड हातात घेतले आणि पदराने पुसत बसली. सकाळी नदीवर फक्त पंचांगे गेली.

म्हणून आपल्या घरी असे काही असेल तर आधी ते उघडून बघा. हात कोरडे असावेत. पाने चिकटली असतील तर ओढू नका. फाटलेल्या जागी चिकटपट्टी लावू नका, तिचा डिंक पाच-दहा वर्षांत पिवळा पडून अक्षर खातो. पुसट अक्षरावर नवा पेन तर मुळीच फिरवू नका. पावसाळा सरला की सावलीत वारा द्या, बासनात वेखंडाचे तुकडे आणि वाळलेला कडुनिंब ठेवा, ही आजीची रीत अजून चालते. नातवाला सांगून एकेका पानाचा फोटो काढून घ्या. मोबाईलला मी नावे ठेवत नाही, बोरूने जे केले ते त्याने करावे. पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून असे कागद जमवत आले आहे. अशा ठिकाणी निदान पाने दाखवून यावीत. मूळ वही घरात ठेवायची की द्यायची, ते घराने ठरवावे. ज्यांच्या पणजोबांचा हात, त्यांचा तो अधिकार.

आणि हिशेबाची पाने वेगळी काढू नका. लोक अभंगांची पाने ठेवतात आणि मापांची, उधारीची फाडतात. तेल किती गेले, आरे किती लागले, हे ज्या हाताने लिहिले त्याच हाताने अभंग लिहिला. तो हात दोन्हीकडे मिळून ओळखू येतो.

माझ्याही कीर्तनाच्या टिपणांच्या वह्या आहेत, चाळीस-पन्नास वर्षांच्या. पूर्वरंग, दृष्टांत, कोठे कोणती चाल घेतली, कोणत्या गावी एस.टी. चुकली, बिदागी किती मिळाली, सगळे एकाच पानावर. या चातुर्मासात एकेकीच्या पहिल्या पानावर नाव, गाव आणि शके घालत बसलो आहे. निम्म्या झाल्या, निम्म्या राहिल्या आहेत.