पेडगाव आणि तिसरा फेज

‘वेड पांघरून पेडगावला जाणे’ ही म्हण आपण सारेच वापरतो. ती ज्या पेडगावाशी जोडतात ते भीमाकाठचे, बहादूरगडाचे. आज आम्ही ज्या पेडगावाविषयी बोलणार आहोत ते परभणीजवळचे, मनमाडकडे जाणाऱ्या लोहमार्गावरचे लहानसे स्टेशन. पण सोंग आणण्याचा प्रश्न येथेही आहे. नसलेला फेज आहे असे भासवून मोटार चालवायची, ही ती गोष्ट होय.

एका फेजची वीज झोपाळ्यासारखी मागेपुढे हेलकावते. तिने दिवा लागतो, पण उभी मोटार आपण होऊन फिरू लागत नाही, नुसती गुणगुणते. तिघांनी चरकाचे दांडे पाळीपाळीने ढकलावेत तसे तीन फेज मोटारीतील चुंबकत्वाला गोल फिरवितात, आणि त्यामागोमाग आतला रोटर फिरतो. हे फिरते क्षेत्र इटलीत ट्युरिन येथे गॅलिलिओ फेरारिस यांनी १८८५ मध्ये करून पाहिले. अमेरिकेत निकोला टेस्ला यांनी १८८८ मध्ये त्याची पेटंटे मिळविली, आणि पुढच्याच वर्षी डोलिव्हो-डोब्रोव्होल्स्की यांनी तीन फेजची साधी, दणकट मोटार बनविली. १८९१ साली लाउफेनहून फ्रँकफुर्टला १७५ किलोमीटर अंतरावर तीन फेजची वीज नेऊन दाखविण्यात आली, तेव्हा कारखान्यांचा प्रश्न मिटला. आपल्याकडे १९१५ मध्ये टाटांच्या खोपोलीच्या पाण्यावरील वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली.

मराठवाड्याला मात्र थांबावे लागले. निजामी राजवट १९४८ मध्ये संपली, १९५६ मध्ये मुंबई राज्यात समावेश झाला आणि १९६० मध्ये महाराष्ट्र राज्याबरोबर विद्युत मंडळ आले. परभणी जिल्ह्यात येलदरीचे जलविद्युत केंद्र १९६८ चे. शेजारच्या परळीचे औष्णिक केंद्र १९७१ चे. मोट आणि तेलाचे इंजिन यांची जागा हळूहळू विहिरीवरच्या तीन किंवा पाच अश्वशक्तीच्या मोटारीने घेतली. ही मोटार तीन फेजवरच चालते, आणि येथेच पुढच्या भांडणाचे मूळ आहे.

विजेचा तुटवडा वाढला तेव्हा गावात दिवे राहावेत पण पंप चालू नयेत, अशी युक्ती काढावी लागली. २००५ च्या सुमारास ‘अक्षय प्रकाश’ योजनेत गावांनी आपण होऊन संध्याकाळी पंप बंद ठेवायचे, असा करार झाला. त्याच काळात ठरावीक तास केवळ एका फेजचा पुरवठा देण्याची पद्धत आली. कागदावर ती निर्दोष होती. परंतु ऊस वाळतो आहे, घरात दिवा जळतो आहे, म्हणजे तारेत वीज आहे, आणि पंप मुका आहे, हे ज्याने पाहिले तो स्वस्थ कसा बसेल? त्याने स्टार्टरशेजारी कंडेन्सर जोडला. मोटारीचे तिसरे टोक कंडेन्सरमधून घेतले की त्या टोकाचा प्रवाह थोडा पुढे सरकतो आणि तिसरा फेज असल्याचा भास निर्माण होतो. विद्युतशास्त्रज्ञ स्टाइनमेट्झ यांच्या नावाने ओळखली जाणारी ही जोडणी पुस्तकात आहे; शेतकऱ्याला ती गावच्या वायरमनने शिकविली. तिला आम्ही अडाणीपणा म्हणणार नाही.

तथापि हे सोंग महागात पडते. अशी मोटार जेमतेम दोन-तृतीयांश जोर देते, आणि तिन्ही गुंडाळ्यांतील प्रवाह सारखा नसल्याने एक गुंडाळी तापते. चालत्या मोटारीचा एक फेज मध्येच गेला तर उरलेल्या तारांतील प्रवाह पावणेदोनपटीच्या आसपास चढतो; मग वाइंडिंगच्या दुकानाची वाट धरावी लागते. आणखी एक गोष्ट आम्हांला अधिक महत्त्वाची वाटते. कंडेन्सरने फेज बनविता येतो, वीज बनविता येत नाही. तीन तारांनी वाहावयाचे ओझे एकाच तारेवर येते. दहा-वीस विहिरींवर हेच झाले की गावातले दिवे मिणमिणतात, आणि शेवटी डीपी जळते. मग ज्याने कंडेन्सर लावलाच नाही त्याचे घरही अंधारात, आणि त्याचेही पीक तहानलेले. पंप बंद ठेवून शब्द पाळणाऱ्याला आणि न पाळणाऱ्याला सारखीच शिक्षा, हा या व्यवस्थेतला खरा अन्याय होता.

आता पेडगावच्या स्टेशनावर या. रुळांवरच्या तारेत एकाच फेजची, २५,००० व्होल्टची वीज आहे. जुन्या विजेच्या इंजिनांत ‘आर्नो’ नावाचे फिरते यंत्र असे. ते एका फेजमधून तीन फेज काढून पंखे आणि कंप्रेसर चालवी. २०२५ पासून मुंबई–नांदेड वंदे भारत गाडी याच मार्गाने जाते. तिच्या चाकांजवळच्या मोटारी तर सरळ तीन फेजच्या. एका तारेवरची वीज आधी एकदिश करून, मग इलेक्ट्रॉनिक साधनांनी तिचे तीन फेज घडविले जातात. शेतकऱ्याने जे कंडेन्सरने साधू पाहिले तेच येथे साधते. फरक इतकाच की या तारेला पुरेशी वीज देण्याची तजवीज आधी झालेली असते.

त्याच तत्त्वाचे लहान ड्राइव्ह बाजारात मिळतात, आणि तीन अश्वशक्तीपर्यंतची मोटार डेल्टा जोडणीत बदलून घरगुती एका फेजवर चालविता येते. पिठाच्या गिरणीला ते परवडेल. विहिरीचे गणित निराळे आहे. तेथे आठवड्याचे काही दिवस तीन फेज रात्री येतात, आणि माणूस बॅटरी घेऊन, सापाकिरड्याला जपत, दारे धरायला जातो.