ग्यॉटिंगन विद्यापीठातील अध्यापकांचे निष्कासन (इ.स. १९३३)

ग्यॉटिंगन विद्यापीठातील अध्यापकांचे निष्कासन ही इ.स. १९३३ साली जर्मनीतील ग्यॉटिंगन शहरातील जॉर्ज-ऑगस्ट विद्यापीठात घडलेली घटनामालिका होय. नाझी राजवटीने ७ एप्रिल १९३३ रोजी संमत केलेल्या नागरी सेवा कायद्यामुळे या विद्यापीठातील ज्यू वंशाच्या तसेच राजकीयदृष्ट्या अविश्वसनीय ठरवलेल्या अध्यापकांना पदे सोडावी लागली. गणित व भौतिकशास्त्र या विषयांना याची सर्वाधिक झळ बसली. बडतर्फी, सक्तीची रजा, निषेधाचा राजीनामा, विद्यार्थ्यांचा बहिष्कार, मुदतपूर्व निवृत्ती अशा अनेक वाटांनी अध्यापक बाहेर पडले. त्यामुळे किती जण गेले याची मोजणी करणे हा पुढे इतिहासकारांच्या अभ्यासाचा एक स्वतंत्र विषय झाला.

== पार्श्वभूमी ==

ग्यॉटिंगन विद्यापीठाचे विधिवत उद्घाटन इ.स. १७३७ मध्ये झाले. कार्ल फ्रीडरिश गाउस, डिरिख्ले आणि रीमान यांच्यामुळे एकोणिसाव्या शतकात ते गणिताचे महत्त्वाचे केंद्र बनले. इ.स. १८८६ मध्ये फेलिक्स क्लाइन आणि इ.स. १८९५ मध्ये डेव्हिड हिल्बर्ट येथे रुजू झाले. क्लाइन यांच्या संघटनकौशल्यामुळे आणि हिल्बर्ट यांच्या संशोधनामुळे जगभरातील विद्यार्थी येथे येऊ लागले. हिल्बर्ट इ.स. १९३० मध्ये निवृत्त झाल्यावर त्यांच्या अध्यासनावर हेर्मान वाइल यांची नेमणूक झाली. तत्पूर्वी, इ.स. १९२९ मध्ये, रॉकफेलर निधीच्या साहाय्याने उभारलेली गणित संस्थेची नवी इमारत सुरू झाली होती. रिचर्ड कुरांट हे या संस्थेचे संचालक होते.

भौतिकशास्त्रात मॅक्स बॉर्न, जेम्स फ्रँक आणि रोबेर्ट पोल हे तीन प्राध्यापक होते. फ्रँक यांना गुस्टाफ हर्ट्झ यांच्यासह इ.स. १९२५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी हायझेनबर्ग, बॉर्न व पास्कुआल योर्डान यांनी येथे पुंजयामिकीची मांडणी केली.

== नागरी सेवा कायदा ==

३० जानेवारी १९३३ रोजी अडॉल्फ हिटलर जर्मनीचा चान्सेलर झाला. ७ एप्रिल रोजी ‘व्यावसायिक नागरी सेवेच्या पुनःस्थापनेचा कायदा’ लागू झाला. जर्मन विद्यापीठांतील प्राध्यापक हे सरकारी सेवक असल्याने हा कायदा त्यांनाही लागू होता. त्यातील तीन कलमे विद्यापीठांच्या दृष्टीने महत्त्वाची होती.

* कलम ३ : ‘अनार्य’ वंशाच्या सेवकांना निवृत्त करणे. आजी-आजोबांपैकी एक जरी ज्यू असले तरी ती व्यक्ती अनार्य मानली जाई.
* कलम ४ : राजकीयदृष्ट्या अविश्वसनीय व्यक्तींना काढून टाकणे.
* कलम ६ : प्रशासन सुटसुटीत करण्याच्या कारणावरून, सेवेस सक्षम असलेल्यांनाही निवृत्त करणे.

कलम ३ ला काही अपवाद होते. १ ऑगस्ट १९१४ पूर्वीपासून सेवेत असलेले, पहिल्या महायुद्धात आघाडीवर लढलेले आणि ज्यांचे वडील वा मुलगे त्या युद्धात मारले गेले असे सेवक त्यातून वगळले होते. ग्यॉटिंगनमधील काही ज्येष्ठ प्राध्यापक या अपवादांत बसत होते. तरीही त्यांची पदे टिकली नाहीत. कोणावर दुसऱ्या कलमाचा आधार घेऊन कारवाई झाली, तर कोणाला अध्यापन करणेच अशक्य करून टाकण्यात आले. इ.स. १९३५ च्या नागरिकत्व कायद्यानंतर उरलेले अपवादही रद्द झाले.

== घटनाक्रम ==

=== फ्रँक यांचा राजीनामा ===

जेम्स फ्रँक युद्धात आघाडीवर लढले होते, त्यामुळे त्यांच्या पदाला कायद्याने धोका नव्हता. मात्र पदावर राहिल्यास आपल्याच ज्यू सहकाऱ्यांना काढण्याची वेळ त्यांच्यावर आली असती. १७ एप्रिल १९३३ रोजी त्यांनी राजीनामा दिला आणि त्यामागील कारण जाहीरपणे सांगितले. २४ एप्रिल रोजी विद्यापीठातील ४२ अध्यापकांनी या राजीनाम्याचा निषेध करणारे निवेदन काढले आणि त्यास देशविघातक कृत्य ठरवले. याच निवेदनात पुढील कारवाई त्वरेने व्हावी अशी अपेक्षाही व्यक्त झाली होती. फ्रँक यांना सहकाऱ्यांकडून तशा प्रकारचा सामूहिक पाठिंबा मिळाला नाही.

=== सहा अध्यापकांची सक्तीची रजा ===

२५ एप्रिल रोजी प्रशियाच्या शिक्षण मंत्रालयाकडून तारेने आदेश आला. त्यानुसार सहा अध्यापकांना रजेवर पाठवण्यात आले.

* मॅक्स बॉर्न : सैद्धांतिक भौतिकशास्त्र. पुढे केंब्रिज, बंगळूर व एडिंबरा.
* रिचर्ड कुरांट : गणित. पुढे केंब्रिज व न्यू यॉर्क.
* एमी नोथर : गणित. पुढे अमेरिकेतील ब्रिन मॉर महाविद्यालय.
* फेलिक्स बर्नस्टाइन : गणिती संख्याशास्त्र. आदेश निघाला तेव्हा ते अमेरिकेतच होते व तेथेच राहिले.
* रिचर्ड होनिग : विधी. पुढे इस्तंबूल व नंतर अमेरिका.
* कुर्ट बोंडी : सामाजिक शिक्षणशास्त्र. पुढे अमेरिकेत स्थलांतर, इ.स. १९५० मध्ये हांबुर्गला परत.

या आदेशात ‘बडतर्फ’ असा शब्द नव्हता. कागदोपत्री ही केवळ रजा होती आणि अंतिम निर्णय नंतर कळवण्यात येणार होता. या अनिश्चिततेच्या काळात काही सहकाऱ्यांनी आदेश मागे घेतला जावा यासाठी प्रयत्न केले. कुरांट यांच्या समर्थनार्थ तयार झालेल्या अर्जावर हिल्बर्ट, वाइल आणि हायझेनबर्ग यांच्यासह २८ जणांच्या सह्या होत्या. नोथर यांच्यासाठी हेल्मुट हासं यांनी १४ गणितज्ञांचे अभिप्राय गोळा केले. दोन्ही प्रयत्न निष्फळ ठरले. कुरांट स्वतः युद्धात जखमी झालेले सैनिक होते, परंतु त्याचाही उपयोग झाला नाही.

एमी नोथर यांची स्थिती इतरांहून वेगळी होती. स्त्री असल्यामुळे त्यांना इ.स. १९१९ पर्यंत अध्यापनाचा अधिकृत परवाना मिळाला नव्हता. त्यांची व्याख्याने हिल्बर्ट यांच्या नावाने जाहीर होत. पुढेही त्यांना कायम सरकारी पद कधीच मिळाले नाही. जे पद दिलेच नव्हते, त्यावरून काढण्याचा हा प्रकार होता. रजेच्या काळात त्यांनी आपल्या निवासस्थानी विद्यार्थ्यांना शिकवणे चालू ठेवले. सप्टेंबर १९३३ मध्ये त्यांचा अध्यापनाचा अधिकार काढून घेण्यात आला. १४ एप्रिल १९३५ रोजी अमेरिकेत शस्त्रक्रियेनंतर त्यांचे निधन झाले.

=== संचालकपदावरील फेरबदल ===

कुरांट रजेवर गेल्यावर गणित संस्थेचे संचालकपद ऑटो नॉयगेबाउअर यांच्याकडे आले. नव्या सरकारशी निष्ठेच्या प्रतिज्ञेवर सही करण्यास त्यांनी नकार दिल्याने ते या पदावर एकच दिवस राहिले. इ.स. १९३४ मध्ये ते कोपनहेगनला गेले. त्यांच्यानंतर हेर्मान वाइल यांनी सूत्रे घेतली. वाइल स्वतः ज्यू नव्हते, परंतु त्यांच्या पत्नी ज्यू वंशाच्या होत्या. इ.स. १९३३ च्या शरद ऋतूत वाइल यांनी राजीनामा देऊन प्रिन्स्टन येथील इन्स्टिट्यूट फॉर ॲडव्हान्स्ड स्टडीमध्ये पद स्वीकारले. इ.स. १९३४ मध्ये हासं संचालक म्हणून आले.

=== लँडाऊ यांच्यावरील बहिष्कार ===

एडमंड लँडाऊ इ.स. १९०९ पासून ग्यॉटिंगनमध्ये प्राध्यापक होते, त्यामुळे १९१४ पूर्वीच्या सेवेचा अपवाद त्यांना लागू होता. २ नोव्हेंबर १९३३ रोजी ते कलनशास्त्राच्या व्याख्यानासाठी आले असता विद्यार्थ्यांनी संघटितपणे बहिष्कार टाकला आणि वर्ग जवळजवळ रिकामा राहिला. या बहिष्काराचे नेतृत्व ओसवाल्ड टाइखम्युलर या गुणवान गणिताच्या विद्यार्थ्याने केले होते. लँडाऊ यांनी यानंतर ग्यॉटिंगनमध्ये शिकवले नाही. त्यांना मुदतपूर्व निवृत्त करण्यात आले आणि इ.स. १९३८ मध्ये बर्लिन येथे त्यांचे निधन झाले.

=== अन्य अध्यापक ===

प्रसिद्ध प्राध्यापकांबरोबर साहाय्यक आणि प्रिव्हाटडोझेंट (शिकवण्याचा परवाना असलेले, परंतु नियमित वेतन नसलेले अध्यापक) यांनाही जावे लागले. तर्कशास्त्रज्ञ पाउल बेर्नाइस झुरिकला, हान्स लेवी अमेरिकेला आणि वाल्टर हाइटलर ब्रिस्टलला गेले. एडवर्ड टेलर यांनीही याच वर्षी ग्यॉटिंगन सोडले. भौतिकशास्त्रज्ञ हेर्था श्पोनर या नॉर्वेमार्गे अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात पोहोचल्या. तत्त्वज्ञ मोरिट्झ गायगर अमेरिकेस गेले. भूरसायनशास्त्रज्ञ व्हिक्टर गोल्डश्मिट यांनी इ.स. १९३५ मध्ये राजीनामा दिला व ते ऑस्लोला परतले.

== मोजणी आणि नोंदी ==

किती अध्यापक गेले हे सांगणे वरकरणी सोपे वाटते. प्रत्यक्षात उत्तर ‘जाणे’ या शब्दाच्या व्याख्येवर अवलंबून आहे. केवळ कलम ३ खाली काढलेल्यांची गणना केल्यास फ्रँक, वाइल, नॉयगेबाउअर आणि लँडाऊ हे चौघेही यादीबाहेर राहतात. सरकारी दप्तरात फ्रँक व वाइल यांनी राजीनामा दिलेला असून लँडाऊ निवृत्त झालेले आहेत. वेतन नसलेल्या अध्यापकाचे पद रद्द झाल्याची नोंदही अनेकदा होत नसे, कारण तेथे पदच नव्हते.

समकालीन नोंदींपैकी सर्वांत उपयुक्त नोंदी मदतकार्य करणाऱ्या संस्थांनी ठेवल्या. मे १९३३ मध्ये लंडन येथे विल्यम बेव्हरिज यांच्या पुढाकाराने ‘अकॅडेमिक असिस्टन्स कौन्सिल’ स्थापन झाली; अर्नेस्ट रदरफोर्ड तिचे अध्यक्ष होते. इ.स. १९३६ मध्ये तिचे नाव ‘सोसायटी फॉर द प्रोटेक्शन ऑफ सायन्स अँड लर्निंग’ असे झाले. तिने सांभाळलेली व्यक्तिगत कागदपत्रे ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहेत. झुरिक येथे फिलिप श्वार्ट्झ यांनी स्थापन केलेल्या निर्वासित विद्वानांच्या संघटनेने इ.स. १९३६ मध्ये विस्थापित जर्मन विद्वानांची छापील यादी तयार केली. तीत दीड हजारांहून अधिक नावे असून विषय, पूर्वीचे पद आणि असल्यास नवे पद असा तपशील आहे. नोकरी मिळवून देणे हा या यादीचा हेतू होता. पुढे तीच संशोधनाचे साधन ठरली.

अर्थशास्त्रज्ञ फाबियान वाल्डिंगर यांनी इ.स. २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या यादीचा उपयोग केला. त्यानुसार जर्मन विद्यापीठांतील गणिताच्या सुमारे १८ टक्के प्राध्यापकांना पद गमवावे लागले. हे प्रमाण सर्वत्र सारखे नव्हते. अनेक विद्यापीठांत एकही गणितज्ञ गेला नाही, तर ग्यॉटिंगनने निम्म्याहून अधिक गमावले. नामवंत मार्गदर्शक गेल्याने मागे राहिलेल्या पीएच.डी. विद्यार्थ्यांच्या पुढील शैक्षणिक वाटचालीवर प्रतिकूल परिणाम झाल्याचेही या अभ्यासात आढळले.

ग्यॉटिंगन विद्यापीठाच्या नाझी काळावरील सामूहिक अभ्यासग्रंथ इ.स. १९८७ मध्ये प्रसिद्ध झाला. इ.स. २००० मध्ये अनिको साबो यांनी निष्कासित अध्यापकांचे परतणे आणि त्यांना मिळालेली भरपाई यांवर ग्रंथ लिहिला.

== परिणाम ==

रिक्त अध्यासने फार काळ रिकामी राहिली नाहीत. फ्रँक यांच्या जागी गेओर्ग योस, बॉर्न यांच्या जागी रिशार्ट बेकर आणि कुरांट यांच्या जागी थेओडोर कालुत्सा आले. यांपैकी काही जण उत्तम शास्त्रज्ञ होते. पदांच्या संख्येवरून पाहिल्यास विद्यापीठाची हानी त्यामुळे कमी भासते. परंतु गुरू, साहाय्यक आणि विद्यार्थी यांच्या परस्परसंबंधांतून घडलेली परंपरा नव्या नेमणुकांनी भरून निघाली नाही. गणिताचा केंद्रबिंदू अमेरिकेकडे सरकला. कुरांट यांनी न्यू यॉर्क विद्यापीठात उभारलेल्या संस्थेला इ.स. १९६४ मध्ये त्यांचे नाव देण्यात आले.

शिक्षणमंत्री बेर्नहार्ड रुस्ट यांनी, ज्यूंच्या प्रभावातून मुक्त झाल्यावर ग्यॉटिंगनमधील गणित कसे चालले आहे, असे विचारले असता ते आता उरलेच नाही अशा अर्थाचे उत्तर हिल्बर्ट यांनी दिले, अशी आख्यायिका प्रसिद्ध आहे. हिल्बर्ट यांचे इ.स. १९४३ मध्ये ग्यॉटिंगन येथे निधन झाले.

युद्धानंतर बहुतेक निष्कासित अध्यापक कायमचे परतले नाहीत. इ.स. १९५३ मध्ये ग्यॉटिंगन शहराने बॉर्न व फ्रँक यांना सन्माननीय नागरिकत्व दिले. बॉर्न एडिंबरा येथून निवृत्त झाल्यावर जर्मनीत राहावयास आले; इ.स. १९५४ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. फ्रँक यांचा इ.स. १९६४ मध्ये ग्यॉटिंगनच्या भेटीदरम्यान मृत्यू झाला.

== भारताशी संबंध ==

चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या निमंत्रणावरून बॉर्न इ.स. १९३५-३६ मध्ये सुमारे सहा महिने बंगळूर येथील भारतीय विज्ञान संस्थेत होते. त्यांना तेथे कायमचे पद देण्याचा रामन यांचा प्रयत्न संस्थेतील विरोधामुळे यशस्वी झाला नाही आणि बॉर्न एडिंबरा येथे गेले. ग्यॉटिंगनचे नसले तरी याच कायद्याचे बळी ठरलेले लाइपझिगचे गणितज्ञ फ्रीडरिश विल्हेल्म लेव्ही यांनी कोलकाता विद्यापीठात आणि त्यानंतर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत अध्यापन केले.

== हे सुद्धा पाहा ==

* एमी नोथर
* मॅक्स बॉर्न
* डेव्हिड हिल्बर्ट
* नाझी जर्मनी