योबेल, सरवा आणि दुष्काळी कामे

महोत्सवाच्या ह्या स्मरणिकेत 'ज्युबिली' हा शब्द वाचकांस पानोपानी भेटेल. तो मूळचा इब्री 'योबेल' होय, आणि त्याचा मूळ अर्थ रोषणाई किंवा मेजवानी असा नव्हे. लेवीय ग्रंथाच्या पंचविसाव्या अध्यायात सांगितलेला योबेल म्हणजे जमिनीचा कायदा होता. पन्नासाव्या वर्षी कर्णा वाजला, की कर्जापायी गेलेली शेते मूळ कुळांकडे परत जावयाची आणि पोटापायी विकला गेलेला बांधव मोकळा व्हावयाचा. तटबंदीच्या नगरातील घरे तेवढी ह्यातून वगळली होती. ती विकल्यापासून एका वर्षाच्या आत सोडविता आली नाहीत तर कायमची गेली. इतका तपशील ज्या विधीत आहे, तो केवळ सदिच्छेचा उपदेश खास नव्हे. शेत परत करणाऱ्यास दाता म्हणत नसत व घेणाऱ्यासही कोणापुढे हात जोडावे लागत नसत.

सरव्याचेही तसेच. पीक कापताना शेताचा कोपरा राखावा, गळालेली कणसे उचलू नयेत, ती गरिबाची व परक्याची होत, अशी आज्ञा होती. आणि त्याच आज्ञेच्या बळावर मवाबी रूथ बवाजाच्या शेतात शिरली. सरवा वेचणे म्हणजे काय हे आमच्या सिन्नर-निफाडकडच्या शेतकऱ्यास समजावून सांगण्याचे कारण नाही. मात्र आपल्याकडे तो मालकाच्या मर्जीचा भाग राहिला, तेथे तो गरिबाचा अधिकार होता.

आता नव्या कराराकडे पाहिले तर सूर निराळा वाटतो. यरुशलेमेच्या मंडळीत कोणी कशास आपले म्हणत नसे, तरी हनन्याला पेत्र स्पष्ट सांगतो की शेत विकण्यापूर्वी ते तुझेच होते व विकल्यावर पैसाही तुझ्याच हाती होता. त्याचा अपराध पैसा मागे ठेवण्यात नव्हता, तो खोटे बोलण्यात होता. संत पौलही करिंथकरांकडून वर्गणी गोळा करताना सक्ती नको म्हणतो. येथून दोन प्रवाह फुटले. एकजण म्हणतो, बळाने घेतलेल्यात प्रीती नाही व प्रीतीवाचून पुण्य नाही. दुसरा म्हणतो, भुकेल्याचे पोट दात्याच्या पुण्यावर टांगून ठेवणे हाच अन्याय आहे. आमच्या सभासंमेलनांत हे दोघेही एकाच बाकावर बसलेले असतात आणि दोघेही शास्त्राधार देतात.

प्राचीन धर्माचार्यांस ही फोड ठाऊक नव्हती असे नाही, परंतु त्यांनी ती आम्हांपेक्षा धीटपणे सोडविली. इ. स. 368-69 च्या सुमारास कपदुकियातील कैसरिया नगरीत दुष्काळ पडला, तेव्हा संत बझिल याने कोठारे कुलपात घालून भाववाढीची वाट पाहणाऱ्या धनिकांस उघड उघड चोर ठरविले. तुझ्या पेटाऱ्यातला जास्तीचा अंगरखा उघड्या माणसाचा आहे, असा त्याचा युक्तिवाद होता. पुढे त्याने नगराबाहेर रुग्णालय व अनाथालय उभारले. संत आंब्रोज व महान संत ग्रेगरी ह्यांचा रोख हाच: गरिबास देतो ते आपले देत नाही, त्याचे त्यास परत करतो. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस ह्याने तर प्राणसंकटात दुसऱ्याचे अन्न घेणारा चोर ठरत नाही, असेही लिहून ठेवले. म्हणजे दान हे ऐच्छिक खरे, पण ऐच्छिक म्हणजे न दिले तरी चालेल असे नव्हे. ऋण कोणी दंडुक्याने वसूल केले नाही म्हणून ते ऋण असावयाचे थांबत नाही.

असो. हा सगळा दूरदेशीचा इतिहास झाला. नाशिकास दान म्हणजे काय हे ख्रिस्ती लोकांनी येऊन शिकविले असे म्हणणारा मनुष्य रामकुंडावर एक सकाळही बसलेला नसावा. अन्नछत्रे, सदावर्ते, पर्वणीचे दान ही ह्या क्षेत्राची जुनी रीत. मिशनरी आले ते ह्या नगरीत, आणि त्यांच्या दानाचा पहिला मोठा प्रयोग आमच्या पंथाचा नव्हता, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. चर्च मिशनरी सोसायटीने 1832 साली येथे काम आरंभिले व 1854 साली रेव्हरंड प्राइस ह्यांनी शरणपूर वसविले. आज शरणपूर रोडवरून गाड्या धावतात, त्यांतील कितीजणांस ठाऊक असेल की ब्रिटिश आरमाराने अरबी गलबतांतून सोडविलेली आफ्रिकन मुले येथेच सुतारकी-लोहारकी शिकत होती? त्यांतीलच जेकब वेनराइट हा लिव्हिंग्स्टनच्या शवाबरोबर आफ्रिकेच्या किनाऱ्यापर्यंत चालत गेला व 1874 साली लंडनच्या वेस्टमिन्स्टर मंदिरात त्या शवपेटीस खांदा देणाऱ्यांत होता. ह्या मुलांना सोडविले सरकारी तोफांनी, सांभाळले मिशनच्या वर्गणीने. राजसत्ता व दानधर्म ह्यांची सरमिसळ आमच्या गावी इतकी जुनी आहे.

पण खरी कसोटी दुष्काळांनी घेतली. 1876-77 चा दुष्काळ दख्खनवर कोसळला तेव्हा सरकारची वृत्ती अशी होती की खजिन्याने फार सढळ व्हावे तर लोक आळशी होतील. सर रिचर्ड टेंपल ह्यांनी दुष्काळी कामावरील मजुरीचा दर उतरवून दिवसाला माणशी एक पौंड धान्य व वर किरकोळ पैसे इतक्यावर आणला. मुंबई इलाख्यातील हजारो मजुरांनी ह्या दरावर राबण्याचे नाकारून कामे सोडली; पुण्याच्या सार्वजनिक सभेने गावोगावची माहिती जमवून सरकारदरबारी अर्जांवर अर्ज केले. उपाशी माणसाने भीक मागितली नाही, मजुरी मागितली, ही गोष्ट आम्हांस फार मोलाची वाटते. त्यानंतर स्ट्रॅची ह्यांच्या अध्यक्षतेखालील कमिशनने 1880 साली आपला निवाडा दिला, आणि दुष्काळात प्रजेचे प्राण राखणे हे राज्याचे कर्तव्य होय, हे तत्त्व 'फॅमिन कोड'च्या रूपाने कागदावर आले.

1897 साली, पुन्हा दुष्काळ असता, हिंदुस्थानभर धर्मादाय निधी उभारला गेला, त्याचे नियम वाचण्याजोगे आहेत. प्राण वाचविणे हे खजिन्याकडे ठेवून निधीने चार कामे करावीत असे ठरले: सरकारी शिध्यास वस्त्राची व पथ्याच्या अन्नाची जोड देणे, पोरक्या मुलांचे पालन, अब्रूपायी कामावर न येणाऱ्या घरंदाज गरिबांस गुप्त साह्य, आणि पाऊस पडल्यावर शेतकऱ्यास बी-बैल देऊन पुन्हा उभे करणे. कर कोठे थांबतो व दान कोठे सुरू होते ह्याची इतकी स्वच्छ वाटणी आम्हांस कोणत्याही धर्मग्रंथात आढळली नाही. हिशेबनीस अधिकाऱ्यांनी ती केली, ह्याचे थोडे हसूही येते.

ह्या दुसऱ्या वाट्यात मिशनांनी पुष्कळ केले. पंडिता रमाबाईंनी 1897 साली मध्य प्रांतातून व 1900 साली गुजरातेतून उपाशी स्त्रिया व मुली आणून केडगावच्या मुक्तिसदनात ठेविल्या. त्यांची संख्या दीड हजारांवर गेली. अहमदनगर जिल्ह्यात केंदळ, वळण, संगमनेर ह्या बाजूस जर्मन जेझुइट धर्मगुरू खपत होते. येथेच ती बोच आहे, जी महोत्सवाच्या आनंदात झाकून ठेवणे आम्हांस योग्य वाटत नाही. 'दुष्काळी ख्रिस्ती', 'भाकरीसाठी बाटलेले' हे शब्द आमच्यापैकी पुष्कळांच्या आज्यापणज्यांनी ऐकले. ज्या महार-मांग बांधवांना गावच्या विहिरीवर मज्जाव होता, त्यांना कोणी माणूस म्हणून दारात घेतले तर त्यांनी त्या दाराचा धर्म स्वीकारू नये, असे म्हणणारे स्वतः कोणते दार उघडून बसले होते, हा आमचा प्रश्न आहेच. परंतु दुसरी बाजूही खरी. जेथे जेवण एकाच्या हाती असते, तेथे घेणाऱ्याचे 'हो' किती मोकळे हे देणाऱ्यासही कळत नाही. पोरकी मुले कोणत्या धर्माच्या संस्थेच्या हवाली करावीत ह्यावरून त्या काळी तंटे झाले, ते निव्वळ द्वेषाचे नव्हते. सरकारी कामावरच्या मजुराने संध्याकाळी दाम घेतला, की त्याला कोणाचेही देणे उरत नसे; ही मोकळीक ऐच्छिक दानात दुर्मिळ. दान स्वतंत्र असावे म्हणणाऱ्यांनी घेणाऱ्याच्या स्वातंत्र्याचाही विचार करावा.

ह्याच सुमारास, 15 मे 1891 रोजी, परमगुरू तेरावे लिओ ह्यांचे 'रेरुम नोव्हारुम' हे परिपत्र निघाले. दोन्ही पक्ष त्यातले आपल्या सोयीचे वाक्य घेतात. आपली गरज व योग्यता भागल्यावर उरेल त्यातून देणे हे कर्तव्य, परंतु अत्यंत निकड सोडता ते न्यायाचे नसून प्रीतीचे, म्हणून कायद्याने वसूल होण्याजोगे नव्हे, असे त्यात आहे. श्रीमंतास स्वतःची ढाल असते, गरिबास राज्यावाचून आधार नाही, म्हणून राज्याने त्याची विशेष चिंता वाहावी, असेही त्यातच आहे. मजुराचे वेतन त्याच्या काटकसरीच्या निर्वाहास पुरेल इतके असणे हा तर न्यायच मानला आहे. 1931 सालच्या परिपत्राने जोड दिली, की लहान मंडळी जे करू शकते ते मोठ्या सत्तेने हिरावू नये; 1967 साली सहावे पॉल ह्यांनी खाजगी मालकी हा कोणाचाही निरपवाद अधिकार नव्हे असे बजावले; 1991 साली दुसरे जॉन पॉल ह्यांनी कचेऱ्यांचा पसारा वाढून माणुसकी आटते असा इशारा दिला; आणि 2005 साली सोळावे बेनेडिक्ट ह्यांनी लिहिले की राज्य कितीही न्यायी झाले तरी प्रीतीची सेवा अनावश्यक होणार नाही. ज्यास ह्यांत विसंगती दिसते त्याने 1897 सालची ती वाटणी पुन्हा वाचावी. योगायोग असा की आमचा नाशिक धर्मप्रांत पुणे धर्मप्रांतातून निराळा झाला तो दिवसही 15 मे, साल 1987. महागुरू थॉमस भालेराव हे त्याचे पहिले धर्माध्यक्ष.

1972 चा दुष्काळ आठवणारी माणसे अद्याप आमच्या बाकांवर बसतात. खडी फोडणे, नालाबांध, मिलो ज्वारी, मुलांच्या हातातली सुकडी. मे 1973 मध्ये महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर सुमारे पन्नास लाख माणसे होती. एवढ्यांना कोणत्याही धर्मग्रामाची दानपेटी पुरली नसती. वि. स. पागे ह्यांच्या कल्पनेतून निघालेली रोजगार हमी योजना ह्याच काळात राज्यभर गेली, 1977 साली तिचा कायदा झाला व 26 जानेवारी 1979 पासून तो अमलात आला. तिच्या खर्चासाठी 1975 साली व्यवसाय कर बसला; म्हणजे नगरातील पगारदाराच्या पाकिटातून काही रुपये कापून खेड्यातल्या बांधबंदिस्तीवर गेले. ह्याला कोणी सक्तीचे दान म्हणून नाके मुरडली. आम्ही त्यास राखलेला कोपरा म्हणू. आणखी एक गोष्ट नजरेआड होते: मिशनांनी त्या वर्षांत वाटलेला अमेरिकन गहू हा बव्हंशी 1954 च्या त्यांच्या कायद्याखाली अमेरिकन सरकारने पुरविलेला होता. पोत्यावर नाव धर्मादाय संस्थेचे, आत धान्य करदात्याचे.

राज्याच्या हातालाही बोटे असतात व ती मोजून देतात. 1950 सालच्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. 1956 साली शीख व 1990 साली बौद्ध बांधव त्यात आले, ख्रिस्ती आले नाहीत. इंग्रजी अमदानीतील 1936 च्या आदेशातही ख्रिस्ती वगळलेलेच होते. एकाच वाड्यातील दोन सख्ख्या भावांपैकी एकास शिष्यवृत्ती आणि दुसऱ्यास धर्मगुरूंची चिठ्ठी, असा प्रसंग त्यातून उद्भवतो. ह्याविरुद्ध 2004 साली सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली गेली. कराचा पैसा सर्वांचा असतो, यादी सर्वांची असतेच असे नाही. आणि जो यादीबाहेर पडला त्याच्यासाठी विन्सेंट डी पॉल मंडळीची पेटी हीच सरकार ठरते.

शेवटी एका प्रयत्नाविषयी. स्विस जेझुइट फादर हर्मन बाखर 1948 साली भारतात आले व त्यांनी अहमदनगर जिल्ह्यात आयुष्य घातले. धान्य वाटून दुष्काळ हटत नाही हे पाहून ते मातीकडे वळले. 1989 पासून आकारास आलेल्या भारत-जर्मन पाणलोट कार्यक्रमात पैसा जर्मन सरकारचा, म्हणजे तेथील करदात्यांचा, व्यवस्था नाबार्डची, परंतु गावाने आधी श्रमदान केल्यावाचून एक पैसाही मिळावयाचा नाही. 1993 साली त्यांनी फादर क्रिस्पिनो लोबो ह्यांजबरोबर ह्याच कामासाठी 'वॉटर' ही संस्था काढली. चर खणले, झाडे लावली, चराईबंदी व कुऱ्हाडबंदी गावसभेने एकमताने केली, आणि अनेक विहिरींचे पाणी वर आले. मात्र विहीर ज्याच्या शेतात, पाणी त्याचे. चराईबंदीने शेळी विकावी लागली ती भूमिहीनाला. गावाने स्वेच्छेने केलेल्या त्यागाचा मोठा वाटा अशा रीतीने ज्याच्याजवळ त्यागण्यास काही नव्हते त्याच्याकडे गेला. पुढील कामांत भूमिहीनांसाठी व स्त्रियांच्या बचत गटांसाठी वेगळी तरतूद घालावी लागली ती ह्यामुळेच. फादर बाखर 2021 साली स्वित्झर्लंडमध्ये वारले. त्यांच्या चरांवर लावलेली झाडे नगर-संगमनेर बाजूच्या टेकड्यांवर उभी आहेत, आणि खालच्या विहिरींच्या पाण्यात भूमिहीनाचा वाटा किती, ह्याची चर्चा गावसभांत अजून चालूच असते.