मार्कंड्याची शिल्पे, कलम ३७७ आणि नागपूरची प्राइड पदयात्रा

१/ गडचिरोली जिल्ह्यातील चामोर्शी तालुक्यात वैनगंगा जेथे उत्तरवाहिनी होते, तेथे मार्कंडादेव हा मंदिरसमूह उभा आहे. त्याला ‘विदर्भाचे खजुराहो’ म्हणतात. समलैंगिकतेचा विषय निघाला, की अशा मंदिरांच्या शिल्पांची छायाचित्रे हमखास फिरू लागतात आणि ‘आपल्याकडे हे सारे पूर्वीपासून मान्यच होते’ असे सांगितले जाते. इतिहास एवढा सरळ नाही.

२/ शिल्प हा कलेचा, उपासनेचा आणि राजाश्रयाचा पुरावा असतो. त्या काळच्या गावात समलिंगी व्यक्तींना कसे वागवले जाई, हे त्यावरून सिद्ध होत नाही. यल्लम्माच्या जोगत्यांनाही देवकार्यात स्थान होतेच. परंतु विधीतील स्थान वेगळे आणि नागरिक म्हणून मिळणारी मान्यता वेगळी. प्राइडचा इतिहास हा या दुसऱ्या मान्यतेचा इतिहास आहे.

३/ त्याची पार्श्वभूमी वसाहतकाळातली. मेकॉलेच्या मसुद्यातून घडलेली भारतीय दंडसंहिता १८६० मध्ये संमत झाली आणि १ जानेवारी १८६२ पासून लागू झाली. तिच्या कलम ३७७ ने ‘निसर्गक्रमाविरुद्ध’ संभोग हा जन्मठेपेपर्यंत शिक्षेचा गुन्हा ठरवला. पुढच्याच दशकात अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी मार्कंड्याच्या मंदिरांची नोंद केली. एकाच राजवटीने शिल्पांची मोजदाद केली आणि माणसांना गुन्हेगार ठरवले.

४/ प्राइडची परंपरा मात्र न्यूयॉर्कमधली. २८ जून १९६९ च्या पहाटे ‘स्टोनवॉल इन’ या मद्यगृहावर पोलिसांनी छापा घातला. असे छापे नेहमीचेच होते. त्या रात्री लोकांनी प्रतिकार केला. बरोबर एक वर्षाने, २८ जून १९७० रोजी, त्या स्मृतीसाठी मोर्चा निघाला. आजचा ‘उत्सव’ मुळात एका निषेधाचा स्मृतिदिन आहे.

५/ भारतात आधी छापील अक्षर आले. १९९० मध्ये अशोक रावकवी यांनी मुंबईत ‘बॉम्बे दोस्त’ सुरू केले. १९९४ मध्ये ‘हमसफर ट्रस्ट’ स्थापन झाला. दिल्लीत ऑगस्ट १९९२ मध्ये ‘एड्स भेदभाव विरोधी आंदोलन’ या गटाने पोलिसी छळाविरुद्ध पोलीस मुख्यालयासमोर निदर्शने केली. २ जुलै १९९९ रोजी कोलकात्यात पिवळे टी-शर्ट घालून जेमतेम पंधरा जण चालले. दक्षिण आशियातील पहिली प्राइड पदयात्रा ती हीच.

६/ महाराष्ट्रात १६ ऑगस्ट २००८ रोजी मुंबईत ‘क्विअर आझादी’ मोर्चा निघाला, तो ऑगस्ट क्रांती मैदानातून. जेथून १९४२ साली ‘चले जाव’ची हाक दिली गेली, तेच हे मैदान. स्वातंत्र्यदिनाच्या दुसऱ्या दिवशी मोर्चेकऱ्यांनी मागणी केली, की ब्रिटिश सरकारने कलम ३७७ बद्दल क्षमा मागावी. जागा, दिवस आणि मागणी, तिन्हींची निवड पूर्ण विचारांती झाली होती.

७/ त्याच वर्षी दिल्लीच्या पदयात्रेत अनेकांनी चेहऱ्यावर मुखवटे चढवले होते. रस्त्यावर येण्याचे धैर्य होते. घरी, कचेरीत ओळख पटली तर काय होईल, हे भयही होते. एकाच माणसात या दोन्ही गोष्टी नांदत होत्या.

८/ २ जुलै २००९ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने प्रौढांच्या संमतीने होणारे खासगी संबंध गुन्ह्यातून वगळले. या दिलाशाच्या काळात, २०११ च्या डिसेंबरात, पुण्यात बिंदुमाधव खिरे यांच्या ‘समपथिक ट्रस्ट’ने पहिली पदयात्रा काढली. ११ डिसेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल उलटवला आणि कलम ३७७ पुन्हा पूर्ण जोमाने लागू झाले.

९/ नागपूरची पहिली प्राइड पदयात्रा मार्च २०१६ मधली, म्हणजे याच प्रतिकूल काळातली. २००९ पूर्वी मुंबई चालली तेव्हा दिलासा मिळायचा होता. नागपूरकर चालले तेव्हा तो मिळून हिरावला गेला होता. शहर मुंबईच्या मानाने लहान. तेथे गर्दीत ओळखीचा चेहरा भेटण्याची शक्यता मोठी. म्हणून आकड्याने लहान असलेली ही घटना महत्त्वाची ठरते.

१०/ संस्थांची नावे पाहा. मुंबईत ‘हमसफर’, पुण्यात ‘समपथिक’, नागपुरात ‘सारथी ट्रस्ट’. पहिले दोन शब्द सहप्रवाशाचे, तिसरा रथ हाकणाऱ्याचा. तिघांनाही प्रवासाचाच शब्द सुचला.

११/ कायद्याची मान्यता तुकड्यातुकड्यांनी आली. १५ एप्रिल २०१४ च्या ‘नालसा’ निकालाने तृतीयपंथीयांना ‘तृतीय लिंग’ म्हणून ओळख दिली. ६ सप्टेंबर २०१८ रोजी कलम ३७७ चा जाच दूर झाला. त्याला १५६ वर्षे लागली. विवाहाचा अधिकार मात्र १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात नाकारला गेला.

१२/ यात विदर्भातील तरुणांना सर्वाधिक जवळचा निर्णय कदाचित वेगळाच आहे. डिसेंबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने महाराष्ट्र शासनाला पोलीस भरतीत तृतीयपंथीयांसाठी नियम करण्यास सांगितले. चंद्रपूर-गडचिरोलीच्या गावांत पहाटे रस्त्यावर धावणारी मुले-मुली कशासाठी धावतात, हे तेथे सर्वांना ठाऊक आहे. भरतीच्या अर्जात स्वतःचे लिंग खरे लिहिता येणे ही मान्यता मार्कंड्याच्या कोणत्याही शिल्पातून मिळालेली नाही. ती मागून, न्यायालयात भांडून आणि मुखवटा घालून का होईना, चालून मिळवावी लागली.