ज्वारीचा हप्ता



यंदा दशलक्षण पर्वात उत्तम त्यागाच्या दिवशी आमच्या मंदिरात दवाखान्याचा विषय निघाला. यवतमाळ शहराच्या कडेला एक मजूरवस्ती आहे. तिथे समाजातर्फे प्राथमिक उपचारांचा दवाखाना सुरू करायचा, असं ठरलं. आहार, औषध, शास्त्र आणि अभय या चार दानांपैकी औषधदान आपल्याकडून सर्वात कमी होतं, असं माताजी प्रवचनात म्हणाल्या होत्या. एका ज्येष्ठ काकांनी तिथल्या तिथे तीस लाख रुपये जाहीर केले. अट एकच, स्वतंत्र इमारत बांधायची आणि तिच्यावर त्यांच्या आईचं नाव लावायचं. टाळ्या झाल्या. हिशेबाची वही महिला मंडळाकडे आली आणि मंडळात बी.कॉम. झालेली मीच, म्हणून ती माझ्या हातात पडली.

खरं सांगते, टाळी वाजवताना माझा हात अडखळला. मला माझ्या माहेरचा दवाखाना आठवला.

माझ्या लहानपणी आमच्या गावात एका धर्मात्मा सेठजींनी मोफत दवाखाना बांधून दिला होता. दगडी ओटा, वर संगमरवरी पाटी. आत कंपाउंडर लाल औषध बाटलीत भरून द्यायचे आणि बाटलीवर कागदाची कातरलेली पट्टी चिकटवायचे, म्हणजे एक डोस किती ते कळायचं. सेठजी होते तोवर डॉक्टरांचा पगार त्यांच्या दुकानातून जायचा. ते गेले, मुलं मोठ्या शहरात स्थायिक झाली आणि पगार थांबला. डॉक्टर गेले, मग कंपाउंडर गेले. पाटी मात्र तशीच राहिली, आणि खोलीत पंगतीची भांडी ठेवायला लागले.

1972च्या दुष्काळानंतरचा पावसाळा होता. माझ्या काकूचं दीड वर्षाचं बाळ जुलाबाने मलूल झालं. घरातल्या म्हाताऱ्या बायकांनी सांगितलं, पाणी देऊ नका, जुलाब वाढतील. दवाखान्याला कुलूप होतं. तालुक्याची एसटी मिळेपर्यंत संध्याकाळ झाली, आणि बाळ वाटेतच गेलं. काकूने पुढे आयुष्यभर त्या पाटीकडे पाहिलं नाही. मंदिरात जायला ती मागच्या गल्लीने जायची.

पुढे मी वाचलं तेव्हा जिवाला जास्तच लागलं. 1971मध्ये बांगलादेशच्या निर्वासितांच्या छावणीत, बंगालमधल्या बनगावला, डॉ. दिलीप महालनबीस यांनी कॉलऱ्याच्या रोग्यांना मीठ-साखरेचं पाणी पाजून हजारो जीव वाचवले होते. रोग्यांमधलं मृत्यूचं प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास होतं, ते चार टक्क्यांच्याही खाली आलं होतं. म्हणजे आमचं बाळ गेलं तेव्हा औषध सापडलेलं होतं, आणि ते आमच्या स्वयंपाकघरातच होतं. सांगणारं माणूस तेवढं गावात नव्हतं.

म्हणून वही हातात आल्यावर मी आधी जुन्या दवाखान्यांचा इतिहास काढून बसले. कोणते टिकले, कसे टिकले?

सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्राची कल्पना भोर समितीची. ही समिती 1943मध्ये नेमली गेली आणि 1946मध्ये तिचा अहवाल आला. पैसे नाहीत म्हणून कोणी उपचारावाचून राहू नये, हा त्याचा गाभा होता. 1952पासून सामूहिक विकास योजनेबरोबर गावोगावी केंद्रं सुरू झाली. आज नियम असा की सपाट भागात तीस हजार लोकसंख्येला एक आरोग्य केंद्र आणि पाच हजारांना एक उपकेंद्र. डोंगराळ आणि आदिवासी भागात हेच आकडे वीस हजार आणि तीन हजार. आपल्या जिल्ह्यात कोलामांचे पोड आहेत, तिथे पावसाळ्यात पोहोचणं किती अवघड ते तुम्हाला सांगायला नको.

आता आपल्या शेजारच्या वर्ध्याकडे या. कस्तुरबा 1944मध्ये गेल्या. त्यानंतर सेवाग्रामला, बिर्लांच्या अतिथीगृहात, बायका आणि मुलांसाठी पंधरा खाटांचं रुग्णालय सुरू झालं आणि डॉ. सुशीला नायर यांनी ते वाढवलं. लक्षात घ्या, आधी इमारत बांधली नाही, होती ती जागा वापरली. 1969मध्ये तिथेच महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था उभी राहिली.

या सेवाग्रामच्या दवाखान्याने आजूबाजूच्या खेड्यांत एक योजना चालवली. माझ्यासारख्या हिशेबाच्या बाईला ती फार आवडली. डॉ. उल्हास जाजू आणि त्यांचे सहकारी गावकऱ्यांना म्हणाले, आरोग्याचा विमा काढा, पण हप्ता ज्वारीत द्या. सुगी झाली की प्रत्येक घराने ज्वारी मोजून द्यायची. शेतमजुराने थोडी, शेतवाल्याने त्याच्या जमिनीप्रमाणे जास्त. त्या निधीतून गावातल्या आरोग्यसेवकाचं मानधन आणि औषधं भागायची. अचानक आलेल्या आजारासाठी कस्तुरबा रुग्णालयात मोफत उपचार, आणि आधीपासून ठाऊक असलेल्या गोष्टींसाठी, जसं बाळंतपण किंवा मोतीबिंदू, खर्चाचा थोडा भाग आपण उचलायचा.

एक अट मात्र पक्की होती. गावातली किमान 75 टक्के घरं सामील झाली तरच योजना लागू. सुरुवातीला मला ही अट कडक वाटली. मग भिशीचा विचार केला आणि उलगडा झाला. भिशीत ज्यांना लगेच पैसे हवेत त्याच बायका आल्या तर ती कशी चालेल? विम्यात फक्त आजारी माणसंच आली तर निधी दुसऱ्या महिन्यात संपेल. धडधाकट घरांनी भरलं म्हणून आजारी घराचं भागलं. आणि हप्ता ज्वारीत का, तर सुगीच्या दिवसांत रोकड नसली तरी कणगीत धान्य असतं. शिवाय महागाई वाढली की ज्वारीचा भावही वाढतो, म्हणजे हप्ता आपोआप वाढतो. मी बँकेतल्या किती ठेवी पाहिल्या, पण इतकी साधी युक्ती पाहिली नाही.

हेही सांगायला हवं की मोठ्या रुग्णालयाचा सगळा खर्च ज्वारीतून निघत नव्हता. तो बोजा संस्थाच उचलत होती. पण गावातली पहिली पायरी गावाच्या धान्यावर उभी होती, आणि म्हणून लोक दवाखान्यात याचक म्हणून जात नव्हते. ते सभासद होते. ज्याची ज्वारी तिथे पडली आहे तो माणूस औषध नसलं तर जाब विचारू शकतो. आमच्या सेठजींच्या मोफत दवाखान्याला कुलूप लागलं तेव्हा गावातल्या एकानेही जाब विचारला नाही. फुकट मिळत होतं, बंद झालं. विचारायचं कोणाला?

जामखेडचंही असंच. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970मध्ये तिथे काम सुरू केलं ते जनावरांच्या जुन्या पडक्या दवाखान्यात. त्यांनी खेड्यातल्या, बहुतेक निरक्षर, कितीतरी दलित बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. मीठ-साखरेचं पाणी कसं करायचं, बाळंतिणीकडे कसं पाहायचं, हे त्या बायका घरोघर शिकवू लागल्या. तिथे हजारामागे 176 बाळं पहिल्या वर्षात दगावत होती. वीस-पंचवीस वर्षांत हा आकडा तिसाच्या खाली आला. पुढे आलेल्या आशाताईंची ही थोरली बहीणच म्हणायची.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी लोकांना आधी विचारलं, दवाखाना कसा हवा? लोकांना मोठ्या इमारतीची भीती वाटत होती. म्हणून शोधग्रामचा दवाखाना आदिवासींच्या घरांसारखा बांधला आणि त्याला दंतेश्वरी देवीचं नाव दिलं. नाव दात्याचं नाही, रोग्याच्या देवीचं.

हे सगळं मी मंडळाच्या बैठकीत सांगितलं. मग वही उघडली. कॉलेजात शिकवलेला पहिलाच धडा, भांडवली खर्च आणि चालू खर्च वेगळे मांडायचे. इमारत एकदाच होते, सिस्टरचा पगार दर महिन्याला लागतो. माझ्या सेठजींनी पहिला खर्च केला, दुसऱ्याची सोय केली नाही. मी काकांना म्हटलं, "तीस लाखांतले पंधरा ठेवीत ठेवा. सात टक्के व्याज धरलं तर वर्षाला एक लाख पाच हजार, म्हणजे महिन्याला 8,750 रुपये. वस्तीतली आणि समाजातली मिळून 120 घरं महिन्याला पन्नास रुपये देतील तर आणखी सहा हजार. सिस्टरचा पगार निघाला."

"गरिबांकडून पैसे घ्यायचे? मग दान कसलं?" काकांनी विचारलं. प्रश्न खरा होता. मी म्हटलं, "काका, आपल्या धर्मचिन्हाखालचं वचन आठवा. जीव एकमेकांच्या उपयोगी पडतात. एकमेकांच्या म्हटलंय. मग एकच बाजू कायम देणारी आणि दुसरी कायम घेणारी, असं कसं?"

काका काही बोलले नाहीत. आठ दिवस गेले, मला वाटलं रागावले. नवव्या दिवशी काकू घरी आल्या. पंधरा लाख ठेवीत ठेवायला काका तयार होते. वस्तीतल्या समाजमंदिराच्या दोन खोल्या दुरुस्त करायच्या आणि उरलेले पैसे तपासणीच्या सामानासाठी ठेवायचे. आईच्या नावाची पाटी मात्र हवीच होती. मी आनंदाने हो म्हटलं. मुलाने आईचं नाव लावलं तर त्यात कसला कषाय शोधायचा? फक्त पाटीखाली एक फळा लावायचा ठरला. त्यावर दर महिन्याला जमा, खर्च आणि शिल्लक खडूने लिहायची, वस्तीतल्या कोणालाही वाचता येईल अशी.

पन्नास रुपयांची पहिली पावती मी माहेरच्या काकूच्या नावाने फाडली. ती आता नाही. दवाखान्यात शिरल्यावर समोर दिसेल असं एक चित्र मी भिंतीवर काढून घेणार आहे. एक पेला पाणी, चिमूटभर मीठ, चमचाभर साखर.

तुमच्या गावातही एखादा बंद पडलेला धर्मार्थ दवाखाना असेल. एकदा विश्वस्तांना विचारून बघा, शेवटचा पगार कधी झाला होता? तिथूनच सुरुवात करता येईल.

जय जिनेंद्र.